ट्रेलरचा पुढचा जॅक बदलताना: कोकण किनाऱ्यावरील कॅरॅव्हॅनधारकांसाठी

गाडीमागे ओढून न्यायच्या कॅरॅव्हॅनमध्ये टायर, ब्रेक, बॅटरी आणि छपराची गळती यांकडे मालकाचे लक्ष असते; पुढच्या त्रिकोणी दांड्यावर उभा असलेला जॅक मात्र तो एके दिवशी फिरेनासा होईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. ट्रेलर गाडीपासून सोडला की त्याच्या नाकाचा सगळा भार हाच जॅक पेलतो, कपलर (ट्रेलरच्या टोकाची पकड) टो बॉलवरून (गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावरून) उचलतो आणि मुक्कामाच्या जागी ट्रेलरची मागची-पुढची पातळीही तोच साधतो. कोकणात हा भाग इतरांच्या आधी निकामी होतो, आणि त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. ही एकात एक सरकणाऱ्या दोन पोकळ नळ्यांची रचना असून आत उभा स्क्रू आणि नट असतात. नळी खालून उघडी असते आणि जमिनीपासून हातभर अंतरावर असते, त्यामुळे रस्त्यावरचे पाणी, पुळणीची वाळू आणि खारा दमटपणा थेट स्क्रूपर्यंत पोहोचतो. बाहेरून जॅक ठणठणीत दिसत असतानाच आतून तो खाल्ला गेलेला असतो.

नवा जॅक घेताना खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली क्षमता पाहून निवड करण्याची रीत आहे. माझ्या मते ही रीत उलटी आहे. क्षमता पुरेशी असलेले जॅक सहज मिळतात. चुकीची ठरते ती बहुधा उंची, बैठक किंवा गंजरोधक लेप. म्हणून आधी स्वतःच्या ट्रेलरवर तीन मापे घ्यावीत, म्हणजे जॅकवरचा भार, लागणारी चाल आणि बैठकीची भोके, आणि ती कागदावर उतरवल्यानंतरच दुकानाची पायरी चढावी.

जुना जॅक खरोखर संपला आहे का

हँडल फिरते पण नळी हलत नाही, या तक्रारीची दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. पहिले कारण किरकोळ आहे: हँडलचा दांडा आणि गिअर यांना जोडणारी छोटी पिन तुटलेली असते. जोर जास्त झाला तर आधी ती तुटावी आणि गिअरचे दात वाचावेत, अशी काही जॅकांत मुद्दाम योजना असते. वरचे टोपण काढून पाहिले की हे लगेच कळते आणि त्याच मापाची, त्याच प्रतीची पिन घातली की काम भागते. तिच्या जागी कडक पोलादाचा खिळा ठोकू नये, कारण मग पुढच्या वेळी गिअरच जाईल. दुसरे कारण असे, की आतल्या नटाचे आटे झिजून गेलेले असतात. त्यात भार नसताना जॅक चालतो, पण भार येताच घसरतो किंवा टक्टक् आवाज करीत जागच्या जागी फिरतो. असा जॅक दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता तो बदलावा. लेथवर नवा नट करून घेता येतो हे खरे, परंतु स्क्रूही तेवढाच झिजलेला असतो आणि खर्च नव्या जॅकच्या जवळ जातो.

आतली नळी वाकली असेल तर तिला ठोकून सरळ करण्याचा विचारही करू नये. वाकलेली नळी ठराविक उंचीवर अडकते आणि त्या जागेच्या वर-खाली सुरळीत चालते. ही तिची खूण आहे. बाहेरच्या नळीला बैठकीच्या पट्टीच्या जोडापाशी चीर किंवा पापुद्रे सुटलेला गंज दिसला, तर तो जॅक त्या दिवसापासून भाराखाली वापरू नये.

विजेवरचा जॅक बंद पडला तर आधी फ्यूज, मग स्विच आणि मग अर्थिंग (मोटरकडून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारी जोडणी) तपासावे. किनाऱ्यावर दोष बहुतेकदा अर्थिंगमध्येच निघतो. अनेक जॅक बैठकीच्या बोल्टांमधून चेसिसलाच अर्थ घेतात. तिथे रंगाखाली गंज साचला की मोटरला पुरेसा करंट मिळत नाही आणि ती नुसती कण्हते. जॅकच्या बॉडीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत जंप केबल तात्पुरती जोडून पाहावी. मोटर नीट चालली, तर नवा जॅक घेण्याऐवजी एक वायर बदलून भागते.

जॅकवर येणारा भार मोजणे

ट्रेलरच्या नाकावर एकूण वजनाचा किती हिस्सा असावा याबाबत दोन परंपरा आहेत. अमेरिकी धाटणीच्या ट्रेलरांसाठी १० ते १५ टक्के हा नेहमीचा नियम असतो, तर युरोपीय धाटणीच्या हलक्या कॅरॅव्हॅनसाठी साधारण ५ ते ७ टक्के. आपल्याकडे दोन्ही धाटणीचे, आणि दोन्हींचे मिश्रण असलेले, स्थानिक बांधणीचे ट्रेलर दिसतात. त्यामुळे टक्केवारीवर न विसंबता प्रत्यक्ष वजन करावे. भरलेल्या टाक्या, गॅस सिलिंडर, पुढच्या खणातले सामान असा प्रवासात असतो तसाच ट्रेलर वजनाला न्यावा.

वजनकाट्यावर फक्त जॅकचा पाय येईल आणि ट्रेलरची चाके काट्याबाहेर राहतील, असा ट्रेलर उभा करता आला तर उत्तमच. पण ट्रकच्या काट्याची बारीक वजने मोजण्याची ताकद बेताची असते आणि १० किलोंच्या टप्प्याने आकडा बदलणाऱ्या काट्यावर हे वजन ढोबळच समजावे. घरी करायची पद्धत अधिक चांगली आहे. एक जाड, सरळ वासा घ्यावा. त्याचे एक टोक जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी पाइपवर आणि दुसरे टोक माणसाचे वजन करायच्या काट्यावर टेकवावे. पाइप आणि काट्यावरचा टेकू यांत ९० सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि वासा आडवा, समपातळीत आणावा. आता पाइपपासून ३० सेंटीमीटरवर कपलरचा भार एका ठोकळ्यावरून वाशावर येऊ द्यावा. काट्यावर भाराचा एक तृतीयांश उमटतो. वाशाचा आधीच आलेला आकडा वजा करून उरलेल्याला तिनाने गुणावे. कपलर प्रवासात ज्या उंचीवर असतो त्याच उंचीच्या आसपास असावा, चाकांपुढे-मागे ओंडके असावेत आणि हे करताना कोणीही दांड्याखाली पाय घालू नये.

यात एक बारकावा सहसा सुटतो. कपलरवरचा भार आणि जॅकवरचा भार एकच नसतो. जॅक कपलरच्या मागे, म्हणजे चाकांच्या जवळ असतो, म्हणून तेवढेच नाक उचलायला त्याला अधिक जोर लागतो. कपलरवर १८० किलो भरले, कपलरपासून आसापर्यंतचे (चाकांच्या अ‍ॅक्सलपर्यंतचे) अंतर ४.५ मीटर असले आणि जॅकपासून आसापर्यंतचे ४ मीटर, तर जॅकवर १८० गुणिले ४.५ भागिले ४, म्हणजे सुमारे २०३ किलो येतात. दोन आस असलेल्या ट्रेलरमध्ये दोन्हींच्या मधला बिंदू धरावा. पाण्याची टाकी आसाच्या पुढे असेल आणि वजन करताना ती रिकामी असेल, तर तिचाही हिशेब करावा: आसापुढे १ मीटरवर असलेली ८० लिटरची टाकी भरली की याच ट्रेलरच्या जॅकवर आणखी २० किलो येतात.

मिळालेल्या आकड्याच्या दुप्पट उचलण्याची क्षमता असलेला जॅक घ्यावा. परदेशी बनावटीच्या जॅकवर क्षमता पौंडांत असते. १००० पौंड म्हणजे ४५४ किलो, २००० म्हणजे ९०७, ३५०० म्हणजे १५८८ आणि ५००० म्हणजे २२६८ किलो. वरच्या उदाहरणात २२३ किलोंसाठी १००० पौंडी जॅक जेमतेम बसतो. मी तिथे २००० पौंडी घेईन, कारण उतरत्या आवारात जॅक तिरका उभा राहतो आणि तिरक्या जॅकला वाकवणारा जोर कोणत्याही क्षमतेच्या आकड्यात धरलेला नसतो. काही उत्पादक उचलण्याची क्षमता आणि नुसती उभी तोलून धरण्याची क्षमता असे दोन आकडे देतात. आपल्या कामाचा तो पहिला. भार वाटून देणाऱ्या स्प्रिंग दांड्यांची हिच (गाडी आणि ट्रेलर यांची जोडणी) असेल तर गणित पार बदलते. त्या दांड्या अडकवताना जॅकने ट्रेलरच्या नाकासोबत गाडीचा मागचा भागही उचलला जातो आणि भार नाकाच्या वजनाच्या कितीतरी पुढे जातो. अशा जोडणीला ३५०० पौंडांच्या खालचा जॅक लावू नये.

मात्र ‘मोठा तो चांगला’ असेही नाही. ३५०० पौंडी विजेचा जॅक स्वतःच पंधरा-वीस किलोंचा असतो आणि ते वजन नेमके नाकावर बसते. गाडीच्या टो बारवर किती भार चालतो तो आकडा आधीच गाठलेला असेल, तर हे पंधरा किलो महाग पडतात.

चाल आणि उंची

जॅकची नळी पूर्ण आत असताना आणि पूर्ण बाहेर असताना पायाच्या जागेत जो फरक पडतो, त्याला चाल म्हणावे. बाजारात २५ सेंटीमीटर, ३८ सेंटीमीटर आणि ४६ सेंटीमीटर, म्हणजे अनुक्रमे १०, १५ आणि १८ इंच, अशा चाली नेहमी दिसतात.

प्रथम ट्रेलर सपाट जमिनीवर गाडीला जोडून उभा करावा आणि जॅकच्या बैठकीची पट्टी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे. नव्या जॅकच्या माहितीपत्रकात पट्टीपासून पायापर्यंतची, नळी पूर्ण आत असतानाची लांबी दिलेली असते. ती वजा केली की प्रवासात पायाखाली किती मोकळी जागा राहील ते कळते. समजा ती २५ सेंटीमीटर आली. जॅकला आधी ही २५ सेंटीमीटर पोकळी भरून काढायची आहे, मग कपलर बॉलवरून सुटण्यासाठी ८ सेंटीमीटर वर जायचे आहे, आणि नाक खोलगट जागी आले तर पातळी साधण्यासाठी आणखी १२ सेंटीमीटर हाताशी हवेत. बेरीज ४५ होते. ४६ सेंटीमीटर चालीचा जॅक येथे कसाबसा पुरतो. ३८ चा घेतला तर दर मुक्कामी ७ सेंटीमीटर जाडीचा लाकडी ठोकळा पायाखाली घालावा लागेल.

चाल कमी पडते म्हणून जॅक खाली लोंबता ठेवणे हा उपाय नव्हे, आणि कोकणात तर नव्हेच. येथील प्रवासात जॅक घासण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. घाटातून उतरून गावात शिरताना लागणारे, कोणत्याही मापात न बसणारे गतिरोधक ही एक. रस्त्यावरून खाली वाडीत उतरणारी अरुंद वाट ही दुसरी. आणि तिसरी, सर्वांत बेरकी जागा म्हणजे खाड्यांवरच्या फेरीबोटींचे उतार. दिघी–आगरदांडा, वेश्वी–बागमांडले, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेऱ्यांमुळे सागरी मार्गाचा मोठा वळसा वाचतो, परंतु धक्क्यावरच्या उताराचा आणि बोटीच्या फळीचा कोन भरती-ओहोटीप्रमाणे बदलत असतो. गाडीची पुढची चाके फळीवर चढू लागली की मागच्या आसाच्याही मागे असलेली हिच खाली दबते आणि नेमक्या त्याच क्षणी जॅकचा पाय काँक्रीटला टेकतो. चालत्या गाडीत टेकलेला पाय नळी वाकवतो किंवा बैठकच उखडतो. म्हणून प्रवासात पायाखाली किमान २० सेंटीमीटर मोकळे असावेत, आणि फेरीबोटीने जाणाऱ्याने २५ चा आग्रह धरावा. शक्य असेल तेव्हा अगदी ओहोटीची वेळही टाळावी.

ही पेचातली मागणी, म्हणजे वर असताना आखूड आणि खाली असताना लांब, पुरी करण्यासाठीच पिन काढून खाली सोडता येणारा आतला पाय असलेले जॅक बनवतात. पाय हाताने झटकन खाली सोडून पिन लावायची आणि उरलेले अंतर स्क्रूने गाठायचे; वेळ वाचतो आणि स्क्रू भाराखाली कमी फिरल्याने झिजतोही कमी. त्याची पिन आणि भोके मात्र वाळूने घट्ट होतात. गोल पोकळ नळीपेक्षा चौकोनी पाय आणि खेचायच्या रिंगची जाड पिन असलेला नमुना बरा.

उंची मोजताना वरच्या बाजूचीही एक खात्री करावी. मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या आणि दार बाजूला उघडणाऱ्या गाड्यांमध्ये, ट्रेलर जोडलेला असताना ते दार विजेच्या जॅकच्या उंच डोक्याला आपटते. घाटातील तीव्र वळणावर गाडी आणि दांडा यांतला कोन अरुंद होतो, तेव्हाही बाहेर आलेले हँडल बंपरच्या जवळ जाते. ट्रेलर जोडून, गाडी मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, आत्ताच्या जॅकभोवती किती जागा राहते ते पाहून ठेवावे. वरून फिरवायच्या हँडलला वर्तुळाकार जागा लागते आणि पुढे गॅसची पेटी असेल तर मुठी सोलवटतात. अशा ट्रेलरला बाजूने फिरवायचे हँडल घ्यावे.

बैठक

अमेरिकी धाटणीच्या दांड्यावर कपलरच्या मागे त्रिकोणी पट्टी असते. तिच्या मध्यभागी जॅकची नळी उतरण्याचे मोठे भोक आणि भोवती बोल्टांची तीन भोके असतात. या जॅकांची बाहेरची नळी बहुधा सव्वादोन इंची, म्हणजे ५७ मिलिमीटर व्यासाची असते. तरीही मधल्या भोकाचा व्यास, तिन्ही बोल्टभोकांची केंद्रापासून केंद्रापर्यंतची अंतरे आणि पट्टीची जाडी व्हर्नियरने मोजूनच घ्यावी, कारण स्थानिक बांधणीत ही पट्टी गाळ्यातल्या कारागिराने हाताने कापलेली असते आणि भोके नकाशाबरहुकूम नसतात. ट्रेलरच्या पट्टीची भोके दोन-चार मिलिमीटर रुंद करावी लागली तर करावीत. जॅकच्या पट्टीला मात्र नवी भोके पाडू नयेत.

युरोपीय धाटणीत नळी एका कॉलरमध्ये चिमटीसारखी धरलेली असते आणि खाली लहान चाक असते. येथे एकच माप महत्त्वाचे: नळीचा बाहेरचा व्यास. ४८ मिलिमीटर हे सर्वांत प्रचलित माप आहे, हलक्या ट्रेलरांत ४२ आणि ३५ च्या आसपासचेही आढळते. ४८ च्या कॉलरमध्ये ४२ ची नळी पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवण्याचा प्रकार दिसतो. तो भाराखाली सरकतो, म्हणून करू नये.

तिसरा प्रकार दांड्याच्या बाजूला लावून आडवा फिरवता येणारा. प्रवासात तो दांड्याला समांतर झोपतो, त्यामुळे फेरीबोटीचा प्रश्नच मिटतो आणि लहान ट्रेलरसाठी हा प्रकार मला विशेष पसंत आहे. त्याची फिरती बैठक आणि तिची स्प्रिंगची पिन हा कमकुवत दुवा असतो. भार २५० किलोंच्या वर जात असेल तर हा विचार सोडावा.

जॅक थेट दांड्याला वेल्ड करून टाकण्याचा सल्ला फिटर हमखास देतात. तो नाकारावा. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा जस्ताचा लेप जळतो, त्याचा धूर अपायकारक असतो, आणि पुढच्या वेळी जॅक बदलताना दांडाच कापावा लागतो.

हाताचा की विजेचा

विजेच्या जॅकला १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. ३५०० पौंडी जॅकसाठी सामान्यतः ३० अँपिअरचा फ्यूज सांगितलेला असतो. त्याला दिव्याची बारीक वायर जोडून चालत नाही. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि तेवढ्याच जाडीची स्वतंत्र अर्थ वायर, अशी जोडणी करावी. बॅटरी उतरली किंवा मोटर जळाली तर हाताने फिरवण्याची सोय असलेलाच नमुना घ्यावा आणि ते हँडल ट्रेलरमध्ये नव्हे, गाडीत ठेवावे.

ज्यांचा ट्रेलर जड आहे, ज्यांच्या पाठीला किंवा खांद्याला त्रास आहे, किंवा जे दर दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवतात, त्यांनी विजेचा जॅक खुशाल घ्यावा. उरलेल्यांनी, विशेषतः ज्यांचा ट्रेलर जून ते सप्टेंबर आंब्याच्या बागेत उघड्यावर उभा राहतो त्यांनी, हाताचा चांगला जॅक घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. किनारपट्टीवर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात चार महिने न फिरलेली मोटर आणि स्विच ऑक्टोबरमध्ये सुरू होतील याची हमी खोक्यावरचा कोणताही शिक्का देत नाही. विजेचा घ्यायचाच असेल तर किमान आयपी ६५ दर्जाचे (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येऊ देणारे) आवरण पाहावे आणि पावसाळ्यापूर्वी तीन बोल्ट काढून जॅक घरात आणून ठेवावा. वरून प्लास्टिकची घट्ट पिशवी बांधून ठेवणे हे त्याला पर्यायी नाही. पिशवीत दमटपणा कोंडतो आणि उघड्यावर गंजला नसता एवढा जॅक आत गंजतो.

गंजाचा हिशेब

दुकानात ‘झिंक कोटिंग’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. विजेच्या मुलाम्याने चढवलेले जस्त चकचकीत, निळसर किंवा पिवळसर दिसते आणि त्याची जाडी ५ ते २५ मायक्रॉन असते. वितळलेल्या जस्तात बुडवून केलेला लेप राखाडी, मंद, थोडा खडबडीत असतो. आयएसओ १४६१ या मानकानुसार दीड ते तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादावर त्याची सरासरी जाडी किमान ५५ मायक्रॉन आणि तीन ते सहा मिलिमीटर जाडीवर ७० मायक्रॉन असावी लागते. खाऱ्या हवेत जस्त हळूहळू खर्ची पडत असते, त्यामुळे लेप जितका जाड तितके त्याचे आयुष्य अधिक. समुद्राजवळ ट्रेलर ठेवणाऱ्याने देखण्या जॅककडे पाठ फिरवून हा ओबडधोबड राखाडी जॅक घ्यावा. काळी पावडर कोटिंग घेऊ नये. तिला खडा लागून टवका उडाला की पाणी लेपाखाली शिरते आणि गंज नजरेआड पसरतो.

आतल्या स्क्रूवर जाड जस्त चढवता येत नाही, कारण आटे भरून जातात. त्याचे रक्षण फक्त ग्रीसने होते. म्हणून ग्रीसची निपल असलेला किंवा वरचे टोपण सहज निघणारा जॅक निवडावा आणि बोटींसाठी वापरतात ते पाण्याने न धुपणारे ग्रीस भरावे. मासेमारी बंदरांच्या आसपास बोटींच्या सामानाच्या दुकानांत ते मिळते.

बोल्टांबाबत स्टेनलेस स्टील डोळे झाकून घेऊ नये. ए४-७० प्रतीचा स्टेनलेस बोल्ट गंजाला चांगला टिकतो, पण ताकदीत तो ८.८ प्रतीच्या साध्या पोलादी बोल्टाहून थोडा कमी असतो, आणि जस्ताच्या पृष्ठभागाला लागून असताना खाऱ्या ओलाव्यात आजूबाजूचे जस्त लवकर खर्ची पाडतो. जस्तात बुडवलेले ८.८ प्रतीचे बोल्ट हीच येथे योग्य निवड होय. मूळ भोके तीन अष्टमांश इंची बोल्टांसाठी असतात. आपल्याकडे सहज मिळणारा एम १० (१० मिलिमीटर जाडीचा बोल्ट) किंचित जाड असतो, तेव्हा तो भोकातून न ठोकता जातो की नाही ते विकत घेण्यापूर्वी पाहावे.

पाय, चाक आणि खालची जमीन

चाकाचा जॅक सिमेंटच्या खळ्यात ट्रेलर हाताने सरकवायला सोयीचा असतो. पुळणीत तो रुतून बसतो आणि कातळावरच्या सुट्या खड्यांत अडकतो. म्हणून सपाट पाय आणि चाक दोन्ही एकाच पिनवर बदलता येतील असा जॅक घ्यावा, आणि मुक्कामात भार नेहमी सपाट पायावरच ठेवावा.

२०० किलोंचा भार १० सेंटीमीटर चौरस पायावर आला, तर दर चौरस सेंटीमीटरला २ किलो दाब पडतो. पायाखाली ३० सेंटीमीटर चौरस जाड फळी घातली की तोच दाब पाव किलोच्याही खाली येतो. वाळूत आणि पावसानंतरच्या भातखाचराच्या मातीत ही फळी अनिवार्य समजावी. कोकणात हाताशी असणारी वस्तू म्हणजे जांभ्याचा चिरा, आणि तोच पायाखाली घातला जातो. चिरा भिंतीत पसरलेला भार उत्तम पेलतो. पण सच्छिद्र दगडावर छोट्या पायाचा टोकदार भार आला, त्यातून तो पावसाने भिजलेला असला, की तो अचानक दुभंगतो. चिरा वापरायचाच तर एकच, आडवा, आणि त्यावर पूर्ण झाकेल अशी फळी घालूनच. चिऱ्यांवर चिरे रचून त्यांच्या भरवशावर कोणी ट्रेलरखाली शिरू नये.

बसवण्याचा क्रम

जॅक बदलताना नाकाचा भार कोणावर आहे, एवढे एकच भान शेवटपर्यंत ठेवावे. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे सपाट जागेत ट्रेलर गाडीला जोडावा, कपलरची कडी आणि तिची पिन लावावी, गाडीचा हँडब्रेक ओढावा आणि ट्रेलरच्या दोन्ही चाकांपुढे-मागे ओंडके ठेवावेत. भार वाटणाऱ्या दांड्या असतील तर त्या आधी उतरवाव्यात. आता नाक गाडीच्या बॉलवर आहे आणि जॅक मोकळा आहे. गाडी उपलब्ध नसेल तर दांड्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावावेत.

विजेचा जॅक असल्यास बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे. जुना जॅक पूर्ण वर घ्यावा, पायाची पिन काढून पाय उतरवावा आणि मग तीन बोल्ट सोडावेत. गंजलेले बोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवले तर मोडत नाहीत. जॅक सरळ वर खेचून काढला की उघडी पडलेली पट्टी तारेच्या ब्रशने धातूपर्यंत घासावी, तिला जस्तयुक्त प्रायमर लावावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. ही पायरी घाईत गाळली जाते, आणि पट्टी दोन-तीन पावसाळ्यांत पातळ होते. अर्थ वायर जिथे टेकणार तेवढी जागा मात्र रंगाविना ठेवून, जोडणी झाल्यावर वरून ग्रीस लावावे.

नवा जॅक वरून भोकात उतरवावा, तिन्ही बोल्ट हातानेच अर्धवट लावावेत, नळी ओळंब्यात उभी आहे याची खात्री करावी आणि मग तिन्ही थोडे-थोडे, आळीपाळीने आवळावेत. एक बोल्ट आधी पूर्ण आवळला तर पट्टी तिरकी बसते आणि जॅक आयुष्यभर तिरका उचलतो. नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) नट वापरावेत. खालून पाय लावून पिनला सुरक्षा कडी घालावी. त्यानंतर भाराविना जॅक एकदा पूर्ण खाली आणि पूर्ण वर न्यावा. नंतरच फळी घालून नाक बोटभर उचलावे, दोन मिनिटे तसेच ठेवून पट्टीला आणि दांड्याला कुठे वाक येतो का ते पाहावे, आणि मग कपलर सोडावा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, आणि घाट उतरल्यावर पुन्हा, तिन्ही बोल्टांवर पाना लावून पाहावा.

पुढची निगा थोडकी आहे. समुद्राकाठच्या प्रत्येक मुक्कामानंतर नळी पूर्ण बाहेर काढून गोड्या पाण्याने खालून-वरून धुवावी, कोरडी करावी आणि मगच आत घ्यावी. ओली नळी आत घेतली तर खारे पाणी स्क्रूवरच मुरते. उघड्या नळीवर दाट ग्रीस फासू नये, कारण वाळू त्याला चिकटते आणि सीलपाशी घासत राहते. ग्रीसची जागा आतल्या स्क्रूवर आणि गिअरवर आहे. पावसाळ्यापूर्वी ट्रेलरचे नाक लोखंडी स्टँडवर घ्यावे, जॅकवरचा भार उतरवावा आणि नळी पूर्ण आत ठेवून खालचे उघडे तोंड बंद न करता तसेच सोडावे, म्हणजे आत शिरलेले पाणी निथळून जाईल. नाक किंचित उंच ठेवावे की नाही, हे मात्र छपराचे पाणी कोणत्या बाजूला वाहून जाते ते पाहून ठरवावे.